ताईने उघडलेला ब्राउझर

ऑफिसातल्या पोरांनी त्यांचं नाव आजोबा ठेवलं होतं. वय पंचेचाळीस, पण चेहरा कायम रात्रपाळी उरकून आल्यासारखा. थोरल्या बहिणीच्या लेखी मात्र ते अजून बाळच होते. ही ताई दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं पान आजोबा सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं, रेटत होते. आज ते चाललं नाही तर काम बाहेरच्या कंपनीला देईन, असं ताईने शांतपणे सांगितलं होतं. ती शांतपणे बोलली की बोललेलं करायचीच.

दुखरी दाढ गालाआड लपवत त्यांनी लॅपटॉप ताईच्या टेबलावर मांडला. ताईने थेट माउस ताब्यात घेऊन ब्राउझर उघडला. पान आलं, रंग आले, हसऱ्या दाताचं चित्रही आलं. अपॉइंटमेंटची यादी मात्र कोरी.

"तो ब्राउझर नाही, ताई. शेजारच्या चिन्हावर टिचकी मार."

"मग माझ्या पेशंटांनीही शेजारच्याच चिन्हावर मारायची का?"

शेजारच्या चिन्हातून उघडणाऱ्या ब्राउझरची सुरक्षेची राखणदारी आजोबांनी सुरुवातीलाच वैतागून बंद केली होती, आणि पुढे ते विसरूनही गेले होते. पान आणि यादी पुरवणारा सर्व्हर, दोघंही त्याच लॅपटॉपात नांदत, पण वेगवेगळ्या पोर्टवर. म्हणजे घर एक, दारं दोन. तेवढ्यावरून ताईने उघडलेला ब्राउझर त्यांना एकमेकांसाठी परकं ठरवी, आणि 'हे पान ओळखीचं आहे' असं सर्व्हरने स्वतः कळवल्याशिवाय यादी पानाच्या हाती लागू देत नसे. आजोबांनी हे सगळं समजावलं. ताई म्हणाली, मग सर्व्हरला तसं कळवायला सांग, एवढं रडगाणं कशाला.

उसासा टाकून त्यांनी सर्व्हरमध्ये पानाचा पत्ता लिहून परवानगी दिली. यादी कोरीच. कपाळाला हात लावून बसल्यावर आठवलं, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायचा राहिलाय. केला, आणि यादी भरभरून आली. सगळ्या वेळा एकाच पेशंटच्या: चाचणीसाठी आजोबांनी स्वतःचंच नाव सगळीकडे भरलं होतं.

"कंपनीचं राहू दे," ताई म्हणाली. मग तिने पडद्यावर बोट टेकवलं. "आत्ताची वेळ तुझी दिसतेय. ती दाढ किती दिवस चुकवणार आहेस? बस खुर्चीत."

वाद घालायचं त्राण आजोबांत नव्हतं. ते बसले, खुर्ची मागे झुकली. ताईने हातमोजे चढवून वळून पाहिलं, तर बाळ तोंड उघडं टाकून घोरत होतं. आ कर म्हणायची वेळच आली नाही.