कानासाठीचा ॲम्प्लिफायर आणि छपरावरचा भोंगा

नागपूरच्या आतेभावाने हेडफोन आणून दिले तेव्हा वाटलं, सुटले! बाबांना हिंगणघाटच्या मिलमध्ये कायमची रात्रपाळी आणि माझी शिक्षिकेची नोकरी सकाळच्या शाळेत. दुपारी मी मोकळी व्हायची, तर बाबा झोपलेले. जन्मभर यंत्रांपाशी उभं राहून त्यांना समोरचं बोलणंही ऐकू येईनासं झालं होतं. पण मी रेकॉर्डवर सुई टेकवली रे टेकवली की बाबा झोपेतून बरोबर उठत. शेवटी त्यांनी बजावलं, "आता एक डाव जरी झोप मोडली, तं ते मशीन मामाच्या घरी वापस जाईन."

मामाने दिलेला तो रेकॉर्ड प्लेअर रेडिओला जोडला की त्याच्या तोंडून बोलायचा. हेडफोन थेट जोडले तर मुंगीच्या आवाजात गाणं. मधे टेबलावर मावेल असा छोटा ॲम्प्लिफायर हवा होता आणि तसला तयार कुठे मिळेना. म्हणून बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. हे गृहस्थ मांडवांना आणि भजनी मंडळांना ॲम्प्लिफायर बनवून देत. मी चार वेळा समजावलं, आवाज फक्त मलाच ऐकू आला पाहिजे.

"फक्त तुमाले?" त्यांना माझी कीव आली. "मंग ॲम्प्लिफायर कायले पाह्यजे, बाई?"

पंधरा दिवसांनी त्यांनी निवडायला दोन डबे पुढे ठेवले. लाकडी डब्याला हेडफोन लावून पाहिले, तर तारेवरून सरकणारं सतारियाचं बोटसुद्धा ऐकू आलं! लोखंडी डबा नुसता गुंई गुंई करत होता. मी लाकडी उचलला.

"थांबा. चेक केल्याबिगर आपल्या दुकानातून माल जात नाई."

चेक म्हणजे काय? तर दुकानाच्या छपरावर एक भोंगा होता. प्रत्येक सेट त्यावर वाजवायचा आणि बाजाराने पसंत केला तरच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा.

"अहो भाऊ, हा कानात ऐकायचा आहे!"

"कानातच जाईन ना. साऱ्याइच्या."

लाकडी डबा जोडला. भोंगा जेमतेम कण्हला. समोरचा चहावाला ओरडला, "काऊन हो, उपास हाये का त्याचा?" मग लोखंडी जोडला. भाजीवालीने कान झाकले, गाडीचा बैल दचकून मागे सरला आणि सबंध ओळीतून टाळ्या पडल्या.

"हाच द्या बाईले!" कापडवाल्याने निकाल दिला.

मी लाकडी डबा पोटाशी धरून ठेवला होता. दुरुस्तीवाल्यांनी तो अदबीने काढून घेतला आणि माझ्यासमोर त्याचे स्क्रू खोलले. "हा नापास. याचे पार्ट दुसरीकडं लावतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लोखंडी डब्याचं बटण केसभर फिरवलं आणि सुई टेकवली. तबल्याची पहिलीच थाप कानात अशी बसली की मी हेडफोन उपटून टेबलावर फेकले. तर ते तिथे पडल्या पडल्या खोलीभर गाऊ लागले! बाबा दारात उभे. संपलं, म्हणत मी प्लेअरचं झाकण लावायला गेले.

बाबांनी हेडफोन उचलले, उलटेपालटे करून पाहिले आणि कानांवर चढवले. बटण थेट अर्ध्यावर नेलं. मी डोळे मिटले. ते मात्र खुर्चीत बसले आणि बराच वेळ हललेच नाहीत.

"यात मागं टाळ हाये का?" त्यांनी घर दणाणून विचारलं.

मी होकाराची मान डोलावली.

"हव. आयकू येऊन राह्यला."

प्लेअर मामाकडे गेला नाही. बाबा आता सकाळीच झोप उरकून घेऊ लागले. मी शाळेतून येई तेव्हा ते हेडफोन चढवून खुर्चीत बसलेले, आणि मी, जिने हा सगळा खटाटोप केला ती, शेजारी स्टुलावर. रेकॉर्डची बाजू संपली की ते डोळे न उघडता हात वर करत. मी उठून ती उलटवत असे.