उशिरावर पोट भरणारे साडूभाऊ

उशिरा आलेल्या पाहुण्यावर मनापासून खूष होणारा यजमान उभ्या नाशकात एकच आहे आणि देवाने तो नेमका मला साडू म्हणून दिला. या साडूभाऊंचं पोटच उशिरावर चालतं. मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांचे संदेश खाली येताना आयनांबर नावाच्या, विजेने भारलेल्या थरांतून येतात आणि तिथे किंचित रेंगाळतात. ध्रुवांवर तर पार धडपडतात. रस्ता दाखवणाऱ्यांना हा उशीर म्हणजे कटकट. ते तो वजा करून टाकतात. साडूभाऊ नेमका तेवढाच ठेवून घेतात आणि संदेश कुठे किती रखडला यावरून वर कसले थर पसरलेत ते सांगतात. जेवतानाही हे खूळ त्यांच्या डोक्यातून उतरत नाही. एकदा देवळ्याहून येताना कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकून मी त्यांच्या इंदिरानगरच्या घरी दुपार कलल्यावर पोचलो. बायको माझ्याशी बोलत नव्हती. साडूभाऊंनी मात्र कौतुकाने विचारलं, "रांग सलग होती, की मध्ये मध्ये मोकळी?" आणि मी सांगेन तशी ताटाशेजारी शेंगदाण्यांची रांग मांडली. पुरणपोळी गार झाली ती झालीच.

पुढे आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, अर्धांगाचा झटका आला. ते आमच्याकडेच राहायला आले. बोलणं शाबूत होतं, पण शब्द फार उशिरा यायचे. आम्ही मायेपोटी त्यांची वाक्यं पुरी करायचो. पाणी हवंय? पंखा लावू? अण्णा मान हलवून मोकळे व्हायचे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. देवळ्याच्या बाजारात लिलाव गाजवलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा आणि ही स्वयंपाकघरात रडायची.

एका संध्याकाळी साडूभाऊ त्यांच्यासमोर येऊन बसले. अण्णांचे ओठ हलले. मी लगेच म्हणालो, "औषध?" साडूभाऊंनी हात वर केला.

"थांबा. येतंय."

आम्ही थांबलो. चहावर साय धरली.

"चहात... साखर... लय ऱ्हाती," अण्णा म्हणाले.

कित्येक महिने आम्ही त्यांना पाक पाजत होतो. साडूभाऊ हसू लागले, मग अण्णाही. त्या दिवसापासून अण्णा पुन्हा बोलू लागले.

सध्या साडूभाऊ वर्षभरासाठी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात, आपली यंत्रं घेऊन. अण्णांची तब्येत पाहता त्यांनी जाऊ नये असं आम्हाला वाटत होतं, पण अण्णांनीच "जाऊन या" म्हटलं, तेही चटकन. मला साडूभाऊंची फार आठवण येते. तिथून फोन लागतो, पण आवाज रेंगाळत येतो. आम्ही सगळे मध्येच बोलतो आणि कुणालाच काही कळत नाही.

परवा अण्णांनी फोनवर विचारलं, "परत... कधी?"

पलीकडे काहीच नाही. फोन तुटला असं समजून मी हात पुढे केला. अण्णांनी माझं मनगट धरलं.

"थांबा, जावईबापू," ते म्हणाले. "येतंय."