टेकूबाई आणि सहीचोर

आमच्या चाळीला बाहेरून लोखंडी टेकू लावलेले आहेत, गॅलरी खाली बसू नये म्हणून. लावले तेव्हा मालक म्हणाला होता, सहा महिन्यांचा प्रश्न आहे. त्याच टेकूंना धरून मी चालायला शिकले. आता मी तेवीस वर्षांची आहे आणि टेकू तिथेच आहेत.

टेकूबाई त्यांच्यातूनच निघाली. चाळ पाडून नवी बिल्डिंग बांधायला बिल्डर आल्यापासून मी पत्रकं लिहीत होते, 'सर्व भाडेकरू बंधू-भगिनींना जाहीर आवाहन' या छापाची, प्रत्येक दुसऱ्या वाक्याखाली रेघ मारलेली. लोक ती हातात घेत आणि डुगडुगणाऱ्या कपाटाखाली सरकवत. वरच्या मजल्यावरचा माझा दोस्त ॲनिमेशनच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या सुपरहिरोंमध्ये रंग भरतो. तो म्हणाला, तुझं पत्रक नुसतं ओरडतं गं, त्यापेक्षा आपण कॉमिक काढू. फळ्यावर.

फळा म्हणजे जिन्याखालचा, मंडळाचा. पाण्याची वेळ, कोण वारलं, कोणाचं लग्न ठरलं, सगळं तिथे लिहिलं जातं. त्याचा एक नियम आहे: रविवारी फळ्यावर जे चढलं ते पुढच्या रविवारपर्यंत कोणी पुसायचं नाही. गिरणी संपाच्या दिवसांत कोणीतरी सभेची वेळ पुसली आणि त्यावरून डोकी फुटली, तेव्हापासूनचा हा नियम, असं म्हातारे सांगतात.

टेकूबाई आमच्या आयांच्या वयाची. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. उडताना तोच मागे फडफडायचा. खचणारी गॅलरी ती एका तळहातावर तोलायची. पण एकदा हात लावला की शेवटचा माणूस खाली उतरेपर्यंत तिला तो काढता येत नसे. त्यामुळे खलनायक आला की तिला मारामारी जमायची नाही, त्याच्याशी बोलावं लागायचं. ही दोस्ताची कल्पना. मला अजिबात पटली नव्हती. मला ठोसे हवे होते. पण रविवारी सकाळी दुधाच्या पिशव्या हातात धरून लोक फळ्यासमोर उभे राहायला लागले, तेव्हा मी गप्प बसले.

आता त्या माणसाबद्दल. त्याला चाळीत सगळे काका म्हणतात, मीही म्हणायचे. मंडळाच्या खोलीत पुस्तकांचं एक कपाट आहे आणि त्याची किल्ली कायम त्यांच्याकडे असायची. लहानपणी मी वाचलेली सगळी कॉमिक्स त्या कपाटातली. काका ती रद्दीवाल्याकडून निवडून आणायचे, फाटकी पानं चिकटवायचे. परत करायला गेलं की पुढचं देण्याआधी एक प्रश्न विचारायचे, की खलनायकाला काय पाहिजे होतं? हिरोचं कधी विचारायचे नाहीत. 'जग जिंकायचं होतं' असं सांगितलं तर म्हणायचे, ते सगळेच सांगतात, नीट वाचून ये. मला या प्रश्नाचा भयंकर राग यायचा. दुष्ट माणूस दुष्ट असतो, त्याची विचारपूस कशाला करायची?

याच काकांनी चाळ विकली. मी हे असंच लिहीन, सौम्य करणार नाही. कमिटीचे सेक्रेटरी म्हणून ते दारोदार फिरले, पाण्याचा पंप बदलायचाय म्हणाले आणि सह्या घेतल्या. शेजारच्या टॅक्सीवाल्या मामांनी तर त्यांना बसवून चहा दिला आणि मग सही केली. कागद कोणी वाचला नाही. काकांच्या हातातला कागद आमच्या चाळीत कोणी वाचत नसे, त्यांनीच तर अर्ध्या चाळीला वाचायला लावलं होतं. दोन महिन्यांनी त्या सह्या बिल्डरच्या संमतीपत्राला जोडलेल्या निघाल्या.

मी भर गॅलरीत त्यांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. म्हणाले, बिल्डरची माणसं नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याची खोली देतो म्हणाली होती. काकींना पॅरेलिसिस झाल्यापासून तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता आलेलं नव्हतं. मला ते कळलं. पण मग तळमजल्याची खोली आमच्याकडे सरळ मागायची होती. चाळीने दिली असती की नसती, ते चाळीने ठरवलं असतं.

त्या रविवारी फळ्यावर सहीचोर अवतरला. लांब बोटांचा, झोपलेल्या माणसांच्या उशाखालून सह्या उपटणारा. मी संवाद लिहिले, दोस्ताने चित्र काढलं, आणि मी मागे उभी राहून म्हणाले, चष्म्याला काळी लेस काढ. काका चष्म्याला बुटाची काळी लेस बांधतात. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काढली.

दुपारपर्यंत लहान पोरं जिन्यात 'सहीचोर, सहीचोर' करत होती. सोमवारी काकांनी नळावर बादली लावली तर रांगेतल्या बायकांनी पाठ फिरवली. काकींना रोज भाकरी देणाऱ्या समोरच्या बाईने ती देणं थांबवलं. मला हे बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? एवढी पत्रकं काढून जे झालं नव्हतं ते एका खडूने केलं होतं.

बुधवारी निरोप आला, शुक्रवारी सर्वे. खोलीत कोण राहतं ते तपासणार, यादी करणार, त्या यादीवरून नवीन घर. आणि तेव्हा कळलं की काकांची भाडेपावती अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. दुनियेचे अर्ज भरून देणाऱ्या माणसाने स्वतःचा अर्ज केला नव्हता. अशा खोलीसाठी जागेवर पंचनामा होतो. चाळीतल्याच दोघांनी लिहून द्यायचं की हा माणूस इथे राहतो. दोन सह्या नसतील तर खोली वादग्रस्त. वादग्रस्त खोलीचं काय होतं ते मी तीन चाळींत पाहिलंय. माणूस ऑफिसच्या पायऱ्या झिजवतो, तोवर इमारत पाडून होते.

काका सही मागायला कोणाच्या दारात गेले नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. गुरुवारी संध्याकाळी दोस्त ओलं फडकं घेऊन फळ्यापाशी गेला. मी आडवी आले.

"रविवारपर्यंत पुसायचं नाही."

"फक्त लेस पुसतो."

"नियम आहे."

"तुला नियम कधीपासून आवडायला लागले गं?" तो म्हणाला. "घर जाईल त्यांचं. काकींना घेऊन कुठे जाणार ते?"

मी म्हणाले, सह्या चोरताना त्यांनी हा विचार करायचा होता. त्याने फडकं जिन्याच्या कठड्यावर टाकलं आणि वर निघून गेला. घरी आईने जेवण वाढलं, मालवणीत एवढंच म्हणाली, "गो, तुज्या हातान कोनाचा घर जाऊक नको." मी म्हटलं, माझा हात कुठे आहे त्यात?

शुक्रवारी अकराला ते आले. टॅब घेतलेला एक सर्वेवाला आणि त्याच्याबरोबर बिल्डरच्या ऑफिसातला एक गुळगुळीत दाढीचा माणूस. तळमजला, पहिला, दुसरा. वरून आम्हाला दारं वाजवल्याचे आवाज येत होते. तिसरा मजला आमचा, काकांची खोली अगदी टोकाला. सगळे आपापल्या उंबऱ्यात उभे. आमची खोली झाली, मामांची झाली. मग ते टोकाला गेले. काका पांढरा शर्ट घालून दारात उभे होते. मागे खुर्चीवर काकी, केस विंचरलेल्या, साडी नीट नेसवलेली. ती काकांनी स्वतः नेसवली असणार.

सर्वेवाल्याने पावती पाहिली, मान हलवली. "पंच दोन लागतील. कोण आहे?"

कोणी नाही. सर्वेवाल्याने पुन्हा विचारलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याला घाई होती. म्हणाला, नसतील तर वादग्रस्त टाकतो, पुढे ऑफिसात बघा. काका बिल्डरच्या माणसाकडे बघत होते. त्याच माणसाने त्यांना तळमजल्याचं वचन दिलं होतं. तो मोबाईल बघत होता.

मला दया आली, असं लिहायला आवडलं असतं. नाही आली. मला राग आला, आणि या वेळी तो कोणावर आहे तेच कळेना. सह्या मिळून ज्या बिल्डरचं काम झालं होतं त्याला ही खोली आता फुकटात सुटत होती, आणि ती त्याला आम्ही सोडवून देत होतो, फळ्यावर रंगीत खडूने. पण हे सगळं सुचायच्या आधीच मी चालायला लागले होते. पंचनाम्यात एकच प्रश्न होता, हा माणूस इथे राहतो का? तो चांगला आहे का, असं कोणी विचारलेलं नव्हतं. आणि तो तिथे राहतो. मला कळायला लागलं तेव्हापासून राहतो.

मी कागद वाचला, सगळा, आणि सही केली. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"अजून एक," सर्वेवाला म्हणाला.

मी वळून मामांकडे बघितलं. मामा कठड्याला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. "माझ्याकडे काय बघतेस?" ते म्हणाले. "माझी एक सही गेलीय त्याच्याकडे. आता पाहिजे तर त्याला मागू दे. आणि कशावर घेतोय ते वाचून दाखवू दे."

गॅलरीत कोणीतरी हसलं. बिल्डरचा माणूस घड्याळ बघत म्हणाला, साहेब, पुढे चला. सर्वेवाल्याने हात वर करून त्याला थांबवलं.

काकांनी कागद घेतला. चष्मा वर सरकवला, लेस कानामागे गेली. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून, खोली नंबर, मजला, चटईक्षेत्र, सगळं. आवाज सुरुवातीला इतका बारीक होता की टोकावरून कोणीतरी ओरडलं, ऐकू येत नाय. त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं, मोठ्याने. बायका दारातून बाहेर आल्या. दुसऱ्या मजल्यावरचे जिन्यात येऊन उभे राहिले. 'वरील मजकूर वाचून, समजून घेऊन, स्वखुशीने सही करीत आहे' इथे ते अडकले. मग त्यांनी तेही वाक्य वाचलं, आणि कागद मामांसमोर धरला.

"सही द्याल का?"

मामांनी लगेच हात पुढे केला नाही. पेन मागितलं, नाव नीट अक्षरात लिहिलं, सही केली, आणि दार लावून आत गेले. चहा विचारला नाही. सर्वेवाल्याने टॅबवर खूण केली. खोली पात्र.

संध्याकाळी मी काकांच्या दारात गेले, समेट करायला नाही. मी म्हणाले, जसा आज वाचला तसा एक कागद अजून पाहिजे. सह्या पंपासाठी घेतल्या होत्या असं लिहून द्या, त्यावर संमतीपत्राला हरकत घेता येते. काका म्हणाले, तळमजला जाईल. मी म्हणाले, हो, जाईल. आतून काकी माझ्याकडे बघत होत्या आणि मला तिथे उभं राहणं कठीण झालं. तरी मी उभी राहिले. ते म्हणाले, विचार करतो. मी विचारलं, कधीपर्यंत? त्यांनी दार लावलं.

रविवारी दोस्त खडू घेऊन आला आणि टेकूबाईने पुढे काय करायचं ते विचारलं. तिचा एक हात गॅलरीखाली आणि समोर सहीचोर, असं आम्ही आठवडाभर सोडून ठेवलं होतं. मी म्हटलं, तिला विचारू दे, तुला काय पाहिजे होतं? त्याने तेवढं लिहिलं. सहीचोराच्या तोंडापुढचा फुगा त्याने काढला आणि रिकामा ठेवला. लेस काढली नाही.

लोकांना हा भाग आवडला नाही. दुधाची पिशवी घेऊन उभा असलेला एक जण म्हणाला, हे काय, शेवट कुठाय? समोरच्या बाईने पुन्हा भाकरी द्यायला सुरुवात केली आहे, पण काकींच्या हातात देते, काकांच्या नाही. हरकत घ्यायला अजून बारा दिवस आहेत. काका मला जिन्यात भेटतात, बाजूला होऊन वाट देतात, बोलत नाहीत.

कमिटीतले काही जण मला म्हणतात, त्याने लिहून दिलं नाही तर तू तुझी सही परत घे, तसा अर्ज करता येतो. मी त्यांना सांगितलं, घेणार नाही. त्याने लिहून दिलं नाही तर मी त्याच्या नावाने पत्रक काढीन, फळ्यावर नाही, छापून, माझ्या नावासकट. पण तो त्या खोलीत राहतो, आणि ते मी खरं लिहिलं आहे.