मुठीचा तांदूळ

पी थानसियामीचं कोणी कौतुक केलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने पी लावतात, पुरुषाच्या नावाआधी पू. आयझॉलच्या या सगळ्या उतारावर तिचा माझ्याइतका राग कोणी केला नसेल, आणि मी तिची सख्खी शेजारीण. म्हणून तिची गोष्ट मीच सांगायला हवी.

ती दवाखान्यात तीस वर्षं आया होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. इकडच्या बायकांसारखी तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरून गप्प बसायची, आणि थुंकून एकदा बोलली की समोरच्याची बोलती बंद. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, शनिवारी टोपली घेऊन आमच्या दारात.

आमच्याकडे भाताला तांदूळ घेतला की बाई त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. ती देवाची. दोन्ही वेळा, न चुकता. शनिवारी तो तांदूळ घरोघरून गोळा होतो आणि चर्चच्या कामाला लागतो. आमच्या गल्लीची टोपली वीस वर्षं तिच्याकडे होती. दाणा इकडचा तिकडे झाला नाही.

मग तिने त्या रुआतपुईला घरात घेतलं.

रुआतपुई म्हणजे सुईची नशा करणारी पोरगी. आईबापाने हाकललेली, वस्तीतल्या पोरांनी दोनदा बाहेर काढलेली. माझ्या आईने विणलेलं नेसूचं पुआन दोरीवरून हिनेच पळवलं आणि विकलं. पायाला गळू घेऊन ती रस्त्याखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडली होती. पी थानसियामी तिला पाठीवर घेऊन चढण चढली, या वयात! रोज व्यसनमुक्ती केंद्रावर नेऊन नशा सोडवायची गोळी द्यायला लागली. पण पोट रिकामं असलं की गोळी उलटून पडायची. गोळी टिकली नाही तर पोरगी पुन्हा सुईकडे जाईल आणि या खेपेला वाचणार नाही, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. आयाच्या पेन्शनीत तर एकाच पोटाचा भात शिजतो.

तर या बाईने काय करावं? चर्चला जाता जाता अर्धी टोपली स्वतःच्या घरी उतरवली. सहा शनिवार! लपवलं म्हणाल तर तेही नाही. मी विचारलं, तर म्हणते, "देवाचाच आहे. देवाच्या पोरीला घातला."

मी तडक पू वान्खुमांच्या घरी गेले. हो, चुगली मीच केली. पू वान्खुमा म्हणजे निवृत्त मास्तर, चर्चचे पंच. रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी तिला सगळ्यांदेखत अंगणात थांबवलं.

"पी, एवढ्या वर्षांची सेवा आहे तुमची. चुकलं म्हणा, विषय संपला."

"काय चुकलं?"

"मुठीचा तांदूळ देवाचा असतो."

"मग देवाने येऊन मागावा. माझं दार उघडंच असतं."

"जरा तोंड सांभाळून! उद्या प्रत्येक जण असं करायला लागला तर?"

"तर त्या शेडमध्ये कोणी पडणार नाही, पू. ही पोर तुमच्याच रविवारच्या शाळेत शिकली ना? सहा आठवड्यांत एकदा तरी आलात बघायला?" ती बाजूला थुंकली. "पुढच्या शनिवारीही मी हेच करणार. ऐकून ठेवा."

पू वान्खुमांनी तिची टोपली काढून घेतली आणि मला दिली. मी फुशारून गेले, खोटं कशाला बोलू?

पुढच्या शनिवारी गल्ली फिरले आणि तिचं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. चुलीशी एकटी रुआतपुई, नुसती हाडं. पी थानसियामी रानभाजी शोधायला उतारावर गेली होती. मला बघून पोरगी उठली, लंगडत फळीपाशी गेली, छोटा डबा काढला आणि माझ्या टोपलीत उपडा केला.

"हे काय?"

"आठवड्याच्या मुठी," ती म्हणाली. "मीच काढल्यात. पी म्हणाल्या, टोपली गेली म्हणून मूठ मोडायची नाही."

"आणि तुम्ही काय खाता?"

"पेज. पातळ."

"गोळी टिकते का?"

"काल नाही टिकली. आज चारच्या आत केंद्रावर जायचंय."

माझ्या तोंडून शिवी निघाली. ती कुणाला होती ते मला चांगलं ठाऊक आहे. लाजेने माझे कान तापले. मी अख्खी टोपली त्यांच्या तांदळाच्या पिंपात ओतली.

"नको, पी! तुमच्याकडूनही टोपली काढून घेतील."

"घेऊ देत! भांडं ठेव चुलीवर. मी आलेच."

चर्चच्या पायरीवर पू वान्खुमा वाट बघत होते. रिकामी टोपली बघून त्यांचा चेहरा उतरला.

"तांदूळ कुठाय?"

"थानसियामीच्या पिंपात. सगळा."

"तुम्हीसुद्धा? चुगली तर तुम्हीच केली होती!"

"केली होती. आता तिसरी बाई शोधा. फक्त तिला त्या घरात आधी पाठवा, आणि बरोबर तुम्हीही जा."

"ही चर्चची शिस्त आहे का?"

"मला नका विचारू शिस्त. तीन वाजून गेलेत, पू. चारच्या आत तिच्या पोटात भात जायचाय."

टोपली त्यांच्या पायाशी ठेवली आणि मी उतारावरून पळत सुटले.