स्टेलाचा डावा डोळा

मालवणात स्टेलाचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. शाळेत ती पाच वर्षे माझ्या वर्गात होती. हसताना आवाज करायची नाही, पण सगळा चेहरा हसायचा.

जानेवारीत तिचे लग्न ठरले होते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कडेने ओघळले. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती आणि डावा डोळा मिटेना. डॉक्टरांनी औषध दिले, रोज आरशासमोर चेहऱ्याचा व्यायाम करायला सांगितले. बरे होईल, पण कधी ते सांगता येत नाही, म्हणाले. स्टेलाने घरी येऊन आरशावर कापड टाकले.

लग्नापेक्षा तिला धास्ती होती रोसाची. लग्नाच्या आदल्या दिवशी घरची माणसे एकेक करून नवरीच्या डोक्यावर नारळाचा रस ओततात. पहिला मान आईचा.

"उघड्या डोळ्यानं मी रोस घेवचंय नाय," ती म्हणाली. "लगीन पुढे ढकला."

तिची आई तेरेझा संध्याकाळी एक मालिका बघायची. त्या मालिकेत अनंत नावाचा यंत्रमानव माणूस म्हणून एका कुटुंबात राहायला आलेला. पापण्या लवत नाहीत हे शेजारणीने हेरले, तेव्हापासून तो दार लावून आरशासमोर तालीम करी. भुवई उचलायची, फुंकर मारायची, डोळे मिटायचे, हसायचे. एका संध्याकाळी मीही तिथे होते.

"तोंड बघ मेल्याचा!" तेरेझा म्हणाली. "हसता काय दात दुखतत?"

"माय, माझा तोंड आता असाच दिसता."

तेरेझाने जीभ चावली. मग स्टेलालाच अर्धे हसू आले. "तेका लाज नाय, मगे माका कित्याक?"

तिने आरशावरचे कापड काढले. मग रोज मालिका लागली की अनंताबरोबर ती चेहऱ्याचा व्यायाम करी, तिला एकटे वाटू नये म्हणून तेरेझा, आणि गेले की मीही. एकदा नवरामुलगा लिओन आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"ह्या घरात यंत्रां तरी किती आसत?"

नाताळपर्यंत पापणी निम्मी खाली येऊ लागली. पुढे लग्नाला दिवस कमी उरले, म्हणून तेरेझाने डोळा किती मिटतो ते विचारणेच बंद केले.

रोसाच्या दिवशी तिने उजव्या हातात रसाचा वाडगा घेतला आणि डावा तळवा मुलीच्या डोळ्यावर धरला. स्टेलाने तो हळूच बाजूला केला.

"ओत गो माय."

उजवी पापणी मिटली. डावी क्षणभर मागे राहिली, मग तीही पुरती मिटली. पांढरा रस कपाळावरून दोन्ही पापण्यांवर आला आणि हनुवटीवरून गळू लागला.

"झोंबला काय गो?"

"नाय."

तेरेझाने वाडगा माझ्या हातात दिला आणि ती मिळेल त्या खुर्चीत बसली. मागे मावश्या आपल्या पाळीसाठी ओरडत होत्या.

"अनंताक बोलवक व्हया होता," डोळे मिटलेलेच ठेवून स्टेला म्हणाली. "तेच्यार पण ओतलो असतो रोस."

"नको गो," तेरेझा डोळे पुसत म्हणाली. "गंजतलो मेलो."