दोन हवांची हद्द

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी रत्नागिरीत शाळामास्तर होतो आणि जोडीला सरकारसाठी हवामानाच्या नोंदी घेई. तापमान, वायुभार, वाऱ्याची दिशा लिहायची आणि तार करायची. पुढे काय होईल ते वरचे ठरवणार. एकदा मी नोंदीखाली माझ्या अंदाजाच्या दोन ओळी खरडल्या, तर उत्तर आले, ‘आकडे पुरेत.’

त्या सुमारास एका परदेशी पुस्तिकेत वाचले, की दोन जातींच्या हवा सहजी मिसळत नाहीत. त्यांच्यात हद्द पडते. जड, गार हवा पाचरीसारखी खाली घुसते, हलकी दमट हवा वर उचलली जाते आणि त्या हद्दीवर ढगांची भिंत उभी राहते.

आश्विनातल्या एका दुपारी तशी भिंत मला सह्याद्रीवर दिसली. समुद्राची दमट हवा घाटाला जाऊन भिडली होती, पलीकडून देशावरची कोरडी हवा आली होती. इकडे वारा साफ पडला होता, वायुभाराचा पारा उतरत होता. घाटातल्या पावसाने गार झालेली हवा आता उताराने आमच्यावर येणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी धावतच बंदरावर गेलो.

“धोक्याचा बावटा चढवा,” मी कारकुनाला म्हटले.

“मुंबईची तार आली?”

“नाही.”

“मग कसा चढवू? समुद्र बघा, तेलासारखा पडलाय.”

“अहो, वादळ समुद्रावरून नाही, डोंगरावरून येतंय!”

“मास्तर, हुकूम दाखवा.”

अर्धा तास मी त्याच्याशी भांडलो. तेवढ्यात ओळखीच्या एका तांडेलाने बावटा नाही असे पाहून होडी लोटली.

वारा जमिनीवरून आला. डोलकाठी मोडली, होडी कलंडली. तांडेलाचा धाकटा भाऊ सापडला नाही. तार दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

चार दिवसांनी तांडेल घरी आला. “मास्तर, तुमाला ठावं होतं?”

“होतं. मी कारकुनाला तेच सांगत होतो.”

“कारकुनाला कशाला? मी धा पावलांवर होतो.”



पुढे मी तांडेलांना तोंडीच सांगू लागलो. निम्म्या वेळा अंदाज चुके, होड्या फुकट अडकून पडत, लोक माझ्यावर चिडत. शेवटी तक्रार गेली आणि नोंदींचे काम माझ्याकडून काढून घेतले. त्या चुकलेल्या अंदाजांची मला अजून चीड येते. पुस्तिकेत सगळे किती सरळ होते.