मेलेल्यांची हजेरी

आजोबा सर वर्गात आले की आधी मेलेल्यांची हजेरी घ्यायचे, मग जिवंतांची. प्रत्येक मुलानं आपल्या घराण्यातल्या एका गेलेल्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच धडा सुरू. 'आजोबा सर' हे नाव आम्हा अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी आयांनी पाडलेलं. ते मूळचे नायजेरियाचे. इथल्या एका खासगी हायस्कुलात जगातले धर्म शिकवायचे आणि आफ्रिकेतला परंपरागत धर्म आला की अगदी रंगून जायचे.

"देव लांब असतो, कामात असतो," ते म्हणत. "पूर्वज जवळचे. आधी त्यांना फोन लावा."

आमच्या ऋचानं एकदा विचारलं, "आई, व्हॉट वॉज पणजीज नेम?" मला कुठं ठाऊक! नागपूरला सासूबाईंना फोन लावला. "अगं, सगळे जिजीच म्हणायचे. थांब, ह्यांना विचारते." तासाभरानं त्यांचाच फोन आला. "गोदावरी गं, गोदावरी!" आणि त्या रडायलाच लागल्या. आपल्या सासूचं नाव त्यांना कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

पण पालकांच्या ग्रुपवर आमच्यातल्याच एकांनी खुसपट काढलं. 'हे काय भूतखेत शिकवतायत? कॉलेज ॲप्लिकेशनला काय उपयोग?' अहो, पितृपक्षात घरामागच्या डेकवर कावळ्यासाठी पान वाढून ठेवणारे हेच गृहस्थ! (पान खारीनं खाल्लं, ते सोडा.) त्यांची तक्रार शाळेत गेली, तिला आणखी चार तक्रारी जोडल्या गेल्या. मीटिंगमध्ये मी तावातावानं भांडले, पण ठरायचं ते आधीच ठरलं होतं. हजेरी बंद, आणि आफ्रिकेतला तो धर्म पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरता.

बाहेर पार्किंगमध्ये सर मला म्हणाले, "एका परिच्छेदात माझी आजीसुद्धा मावायची नाही हो."

त्या जूनमध्ये त्यांनी नोकरी सोडली. थंडीत हार्ट अटॅकनं गेले. गावी वडिलांशेजारी पुरावं अशी त्यांची फार इच्छा होती, पण त्यांच्या मुलांना ते जमलं नाही. इथंच, हायवेलगतच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. मी तिथं हुंदके देऊन रडले, लाज न बाळगता.

यंदा धाकटी इरा त्याच वर्गात आहे. परवा ती आफ्रिकेतल्या धर्माची वर्कशीट घेऊन बसली आणि माझा चहा उकळायच्या आत उठलीसुद्धा.

"झालं एवढ्यात?"

"इट्स जस्ट वन पॅराग्राफ, आई."

"आणि आजोबा सरांचं नाव काढलं का गं कुणी वर्गात?"

तिनं हेडफोन कानावरून जरा सरकवला.

"हू?"